रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण कितव्या दिवशी?

वाचकांचे प्रश्न : एचआयव्हीची रॅपिड टेस्ट

बोट टोचायचे, रक्ताचा थेंब किटवर टाकायचा, वीस मिनिटांत उत्तर. रॅपिड टेस्टमुळे एचआयव्हीची तपासणी ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोचली, हे तिचे मोठेच काम. पण संसर्ग ताजा असेल तर ही टेस्ट उशिरा बोलते, आणि आलेल्या पत्रांतला बहुतेक गोंधळ नेमका तिथला आहे. वाचकांची नावे छापलेली नाहीत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : अनोळखी व्यक्तीशी संबंध आला आणि कंडोम फाटला. २६व्या दिवशी सिव्हिलच्या आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) जाऊन टेस्ट केली. रिपोर्ट नॉन-रिअॅक्टिव्ह (निगेटिव्ह) आहे. तरी समुपदेशक ताई म्हणतात, तीन महिने झाले की परत या. ही टेस्ट ९९ टक्क्यांहून जास्त अचूक असते असं वाचलंय, मग परत कशाला? घरी बायकोला काही सांगितलेलं नाही. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताईंचे बरोबर आहे. रॅपिड टेस्ट विषाणू शोधत नाही. विषाणूविरुद्ध आपल्या शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, ती शोधते. शरीराला त्या तयार करायला वेळ लागतो आणि हा वेळ प्रत्येकाचा वेगळा.

लागण झाल्यावर साधारण पहिले दहा दिवस रक्तात काहीच सापडत नाही. कितीही महागडे यंत्र आणा. विषाणू तेवढे दिवस शरीरातल्या पेशींत आणि लसिकाग्रंथींत वाढत असतो. दहा-बारा दिवसांच्या सुमारास त्याचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, रक्तात मोजण्याइतका होतो. त्यानंतर पाच-सात दिवसांनी पी-२४ नावाचे विषाणूचे प्रथिन दिसू लागते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिल्या फळीची प्रतिपिंडे येतात, त्यांना आयजीएम म्हणतात. मागोमाग टिकाऊ आयजीजी येतात.

आता किटकडे वळू. अनेक रॅपिड किटमध्ये सोन्याच्या सूक्ष्म कणांवर 'प्रोटीन ए' चढवलेले असते. लालसर रेघ किंवा ठिपका दिसतो तो या कणांमुळे. प्रोटीन ए आयजीजीला घट्ट धरते, आयजीएमवर तिची पकड ढिली असते. म्हणजे रक्तात आयजीएम आलेली असली तरी असे किट गप्प राहू शकते. काही नव्या किटमध्ये प्रोटीन एऐवजी विषाणूचाच प्रतिजन (अँटिजेन) कणांवर असतो. ती किट आयजीएमही पकडतात आणि काही दिवस लवकर बोलतात. शिवाय बोटातून घेतलेल्या रक्तात जवळपास निम्म्या तांबड्या पेशीच असतात आणि प्रतिपिंडे असतात ती उरलेल्या द्रवात. त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या थेंबात सिरमच्या (पेशी काढून उरलेल्या द्रवाच्या) मानाने प्रतिपिंडे कमी. संसर्ग जुना असेल तर याने काही बिघडत नाही, चौथ्या आठवड्यात मात्र बिघडू शकते.

९९ टक्के हा आकडा खोटा नाही, पण तो मोजला जातो तो मुख्यतः जुना, पक्का झालेला संसर्ग असलेल्या लोकांच्या रक्तावर. तीन आठवड्यांपूर्वी लागण झालेल्या माणसाला तो लावता येत नाही.

व्यवहारात वापरले जाणारे अंदाज असे : प्रतिपिंडे शोधणाऱ्या टेस्टला २३ ते ९० दिवस. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेतल्या यंत्रावर होणाऱ्या चौथ्या पिढीच्या टेस्टला १८ ते ४५ दिवस. ती पी-२४ आणि प्रतिपिंडे दोन्ही पाहते. आरएनए टेस्टला १० ते ३३ दिवस. यातला पहिला आकडा म्हणजे लवकरात लवकर कुणात तरी दिसण्याचा दिवस, आणि दुसरा म्हणजे जवळपास सगळ्यांत दिसण्याचा. लोक पहिलाच आकडा लक्षात ठेवतात. तुमचा २६वा दिवस दोन्हींच्या मध्ये पडतो, म्हणून हा रिपोर्ट दिलासा देतो, पण निकाल देत नाही.

लवकर सुटका हवी असेल तर ४५ दिवस पूर्ण झाल्यावर चौथ्या पिढीची एलायझा किंवा सीएलआयए (दोन्ही प्रयोगशाळेतल्या यंत्रावरच्या) टेस्ट करा. लॅबमध्ये आधीच विचारा, 'अँटिजेन आणि अँटिबॉडी दोन्ही बघता का, रक्त शिरेतून घेता का?' खर्च टाळायचा असेल तर ९० दिवसांनी आयसीटीसीतच जा, तिथे तपासणी मोफत आहे. मधल्या काळात दर आठवड्याला टेस्ट करत बसू नका, त्यातून फक्त धास्ती वाढते.

एका योनिसंबंधातून लागण होण्याची शक्यता, जोडीदार बाधित असला तरी, शंभरात एकापेक्षा बरीच कमी असते. पण लागण झालीच असेल तर हेच पहिले आठवडे सर्वांत जास्त संसर्ग पसरवणारे, कारण रक्तात विषाणू तेव्हा उच्चांकी असतो. म्हणून शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत पत्नीबरोबर कंडोमशिवाय संबंध नकोत. ते जमवायचे तर काहीतरी सांगावे लागेल, हे उघड आहे. कसे सांगायचे याबाबत समुपदेशक ताईंची मदत मागा, ते त्यांच्या कामातच येते.

प्रश्न : आमचे डॉक्टर सहा महिने थांबा म्हणतात, इंटरनेटवर कुठे सहा आठवडे तर कुठे तीन महिने. खरं काय धरायचं? — एक वाचक, अकोला

उत्तर : सहा महिने हा जुन्या किटचा हिशेब. १९८५ च्या सुमारास आलेल्या पहिल्या पिढीच्या टेस्ट उशिरा बोलत, आणि सावधगिरी म्हणून ती मुदत पुढेही चालू राहिली. आज सर्वसाधारण माणसासाठी, कोणतेही किट असो, तीन महिने पुरतात. सहा आठवडे पुरतात ते फक्त प्रयोगशाळेतल्या चौथ्या पिढीच्या टेस्टला. पीईपी (जोखमीनंतर लागण टाळण्यासाठीच्या गोळ्या) घेतलेले लोक, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेले लोक आणि त्याच घटनेत हिपॅटायटिस सीची लागण झालेले लोक यांना डॉक्टर सहाव्या महिन्याची टेस्ट सांगतात, ती करावी.

प्रश्न : जोखमीच्या संबंधानंतर १८ दिवसांनी कडक ताप, घसा सुजला, छातीवर पुरळ. डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह. एचआयव्हीची रॅपिड केली, तीही निगेटिव्ह. म्हणजे एचआयव्ही नाही ना? — एक वाचक, ठाणे

उत्तर : तापाच्या दिवसात केलेल्या रॅपिडवरून तसे म्हणता येत नाही. उलट हीच ती वेळ, जेव्हा माणूस खरोखर बाधित असूनही रॅपिड निगेटिव्ह येते. लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांत बऱ्याच जणांना असा ताप येतो. त्याच्यासोबत घसा दुखणे, मानेतल्या-काखेतल्या गाठी सुजणे, धडावर न खाजणारे लाल पुरळ, कधी तोंडात छाले. सर्दी आणि वाहते नाक सहसा नसते. ताप आठ-पंधरा दिवसांत आपोआप उतरतो आणि माणूस विसरून जातो. आपल्याकडे पावसाळ्यात असा रुग्ण आला की डेंग्यू, टायफॉइड, लेप्टो तपासले जाते, एचआयव्हीचे नावही निघत नाही. आणि निघाले, तर हाताशी असते ती रॅपिड.

लक्षणांवरून निदान होत नाही, हेही तितकेच खरे. असा ताप साध्या विषाणूंनीही येतो आणि जोखमीनंतर घाबरलेल्या माणसाला प्रत्येक पुरळ संशयास्पद वाटते. तेव्हा डॉक्टरांना सरळ सांगा : अमुक तारखेला असा संबंध आला, अमुक तारखेला ताप सुरू झाला. या दोन तारखा कळल्या की चांगला डॉक्टर चौथ्या पिढीची टेस्ट आणि एचआयव्ही-१ आरएनए, म्हणजे व्हायरल लोड, मागवेल. खरोखर ताज्या लागणीचा ताप असेल तर व्हायरल लोड सहसा लाखांत असतो, चुकवता येत नाही. खासगी लॅबमध्ये याला काही हजार रुपये पडतात. ताप असताना आरएनए सापडला नाही तर चिंता पुष्कळच कमी होते, पण ४५ दिवसांनंतरची टेस्ट सोडू नका.

याच तापासाठी सिफिलिसचीही तपासणी करून घ्या. तिचे पुरळही धडावर येते, खाजत नाही, आणि तिच्यावर उपचार सोपा आहे.

प्रश्न : भावाला आखातात नोकरी लागली. वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही सीएलआयए 'रिअॅक्टिव्ह, १.९' आला. सिव्हिलमध्ये रॅपिड केली तर नॉन-रिअॅक्टिव्ह. कोणाचं खरं मानायचं? घरात रडारड चालू आहे. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अजून कोणाचेच नाही. दोन शक्यता आहेत आणि दोन्ही तपासून पाहता येतात.

पहिली, आणि भावाला अलीकडे काही जोखीम नसेल तर जास्त संभाव्य : यंत्राचा रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह. कोणी सुटू नये म्हणून यंत्राची सीमारेषा मुद्दाम खाली ठेवलेली असते. एकच्या वर गेले की रिअॅक्टिव्ह. पक्क्या संसर्गात हा आकडा बहुधा कितीतरी मोठा येतो. एक ते तीनच्या आसपासचे बरेच आकडे पुढे खोटे ठरतात. थोडे गणित करा. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण साधारण ०.२ टक्के. म्हणजे सरसकट १०,००० लोक तपासले तर बाधित सुमारे २०. समजा, बाधित नसलेल्यांपैकी ९९.५ टक्क्यांना टेस्ट बरोबर निगेटिव्ह ठरवते. तरी उरलेल्या अर्ध्या टक्क्यात सुमारे ५० निरोगी माणसे रिअॅक्टिव्ह निघतील. म्हणून एका टेस्टवर कोणालाही एचआयव्ही आहे असे सांगायचे नसते. आपल्या राष्ट्रीय पद्धतीत वेगवेगळ्या प्रकारच्या तीन टेस्ट रिअॅक्टिव्ह आल्या तरच रिपोर्ट पॉझिटिव्ह दिला जातो. त्यांचे आपसात जमले नाही तर 'अनिर्णित' लिहून दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बोलावतात.

दुसरी शक्यता : लागण इतकी ताजी आहे की यंत्राला नुकतेच आलेले पी-२४ किंवा आयजीएम दिसले आणि रॅपिडला अजून काही दिसत नाही. इथे यंत्र बरोबर आणि रॅपिड मागे. १.९ हा चढत्या आलेखाचा पहिला बिंदू असू शकतो. भावाशी एकांतात, रागावल्याशिवाय, गेल्या दोन महिन्यांबद्दल बोलायला हवे. ते काम घरच्यांपेक्षा समुपदेशकाने केलेले बरे.

निकाल लावायला दोन गोष्टी करा. एक, एचआयव्ही-१ आरएनए टेस्ट आताच. दोन, दोन ते चार आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये तीच सीएलआयए आणि आयसीटीसीत पुन्हा रॅपिड. ताजी लागण असेल तर आकडा भराभर चढतो आणि रॅपिडही बोलू लागते. खोटा पॉझिटिव्ह असेल तर आकडा तिथेच घुटमळतो किंवा खाली येतो. आरएनए टेस्टमध्ये अगदी थोड्या, म्हणजे शे-दीडशे प्रती दाखवल्या तर त्यावरही लगेच विश्वास ठेवू नका, नव्या नमुन्यावर पुन्हा करा. व्हायरल लोडची टेस्ट मुळात उपचार चालू असलेल्यांसाठी आहे, तिच्यातही क्वचित खोटे आकडे येतात.

एक बारकावा पश्चिम भारतातल्या डॉक्टरांनीही लक्षात ठेवावा असा. नेहमीची आरएनए टेस्ट आणि पी-२४ हे एचआयव्ही-१ साठी आहेत. एचआयव्ही-२ आपल्याकडे विरळ आहे, पण आहे. भारतातली पहिली नोंद १९९१ ची, मुंबईची. प्रतिपिंडांच्या टेस्ट ठामपणे रिअॅक्टिव्ह आणि एचआयव्ही-१ आरएनए शून्य, असे चित्र दिसले तर एचआयव्ही-२ ची वेगळी तपासणी आयसीटीसीमार्फत ठरलेल्या प्रयोगशाळेत पाठवावी लागते.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. कधी कधी अगदी फिकट रेघ दिसते, हो म्हणावं की नाही कळत नाही. पावसाळ्यात हे जास्त होतं असं वाटतं. कंट्रोलची रेघ नीट आली म्हणजे टेस्ट बरोबर झाली ना? — एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण हा गैरसमज अनुभवी लोकांतही आहे. कंट्रोलची रेघ एवढेच सांगते की द्रव पट्टीवरून पुढे सरकला आणि रंगाचे कण चालू स्थितीत आहेत. अनेक किटमध्ये रक्त टाकायचे विसरून नुसता बफर (किटसोबतचा द्रव) टाकला तरी कंट्रोलची रेघ येते! म्हणजे रिकामी टेस्टही झकास 'निगेटिव्ह' दिसते. तुमच्या किटची कंट्रोल रेघ नमुना पडल्याची खात्री देते की नाही, हे माहितीपत्रकात पाहा. कॅसेटवर रुग्णाचा क्रमांक नमुन्याआधी लिहा, आणि कंट्रोल रेघ ही खात्री देत नसेल तर नमुना टाकल्याबरोबर वेळ लिहा. वेळ मात्र नमुन्याआधी लिहू नका. नमुना राहून गेला तर वेळेची जागा कोरी दिसेल.

फिकट रेघ : दिलेल्या वेळेच्या आत, ठरलेल्या जागी, कितीही फिकी पण पूर्ण रेघ आली तर ती रिअॅक्टिव्हच धरायची. रंगाच्या गडदपणावरून ठरवायचे नसते. ताज्या लागणीत प्रतिपिंडे थोडी असल्याने रेघ फिकट येऊ शकते आणि 'ही काही खरी नाही' म्हणून सोडलेली रेघ हीच लवकर सापडण्याची एकमेव संधी असू शकते. दुसऱ्या आणि तिसऱ्या किटवर पुढे न्या. मात्र वेळ टळल्यावर, म्हणजे पत्रकात २० मिनिटे असतील आणि तुम्ही चहा पिऊन पाऊण तासाने पाहिले, तर पट्टी वाळून उमटलेली राखाडी छटा ग्राह्य नाही. तशी ती नाकारून रिपोर्टही द्यायचा नाही. नवीन किटवर टेस्ट पुन्हा करायची. घाईत लवकर वाचल्यास उलटे होते : पाच मिनिटांत कंट्रोल दिसली म्हणून निगेटिव्ह लिहिले आणि फिकट रेघ दहाव्या मिनिटाला उमटली.

पावसाळ्याचा तुमचा अंदाज योग्य आहे. पट्टीचा कागद हवेतला दमटपणा ओढून घेतो आणि द्रव वेडावाकडा धावतो. फ्रीजमधले पाकीट बाहेर काढून बंद अवस्थेतच अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गार पाकीट लगेच फोडले तर आत दव धरते. आतली सिलिका जेलची पुडी रंग बदलणारी असेल आणि तिचा रंग बदललेला असेल, तर ती कॅसेट फेकून द्या. सकाळी दहा पाकिटे फोडून ओळीने मांडून ठेवायची सवय सोडा.

रक्त घेताना मधल्या किंवा अनामिकेच्या टोकाची बाजू निवडा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, ओले असले तर पेशी फुटतात. पहिला थेंब पुसा. बोट गच्च पिळू नका. पिळले की रक्ताबरोबर ऊतकातले पाणी येते आणि आधीच थोडी असलेली प्रतिपिंडे आणखी पातळ होतात. नमुना किटप्रमाणे १० ते ५० मायक्रोलीटर असतो. एका कंपनीचा ड्रॉपर दुसऱ्या कंपनीच्या कॅसेटला वापरू नका, बफरची अदलाबदल तर मुळीच नको. ड्रॉपर उभा धरा, आडवा धरला की थेंबाचा आकार बदलतो. शक्य असेल तिथे शिरेतले रक्त सेंट्रिफ्यूज करून सिरमवर टेस्ट करा. नवा लॉट आला की माहीत असलेला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह नमुना आधी लावून पाहा.

एवढे सगळे सांभाळूनही सर्वांत जास्त घोळ होतो तो नळ्यांच्या अदलाबदलीत आणि रजिस्टर लिहिण्यात. तो काही किटचा दोष नव्हे.

प्रश्न : ऑपरेशन थिएटरमध्ये सुई टोचली. रुग्णाची ऑपरेशनपूर्व रॅपिड निगेटिव्ह होती म्हणून वरिष्ठ म्हणाले काही करू नकोस. बरोबर आहे का? — एक परिचारिका, नाशिक

उत्तर : बऱ्याच वेळा ते बरोबर ठरते, पण ठरवायची पद्धत अशी नाही. टोचल्याबरोबर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळू नका, चोखू नका, ब्लीच किंवा स्पिरिट चोळू नका. मग ताबडतोब घटनेची नोंद करून एआरटी सेंटर (एचआयव्हीवरची औषधे देणारे केंद्र) किंवा कॅज्युअल्टीत पोचा. पीईपीचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत, कमाल ७२ तासांत. रिपोर्टची वाट पाहत पहिला डोस लांबवायचा नाही. नंतर गरज नाही असे ठरले तर थांबवता येतो.

मग रुग्णाकडे वळा. त्याची रॅपिड नेमकी कधीची? सहा महिन्यांपूर्वीची जुनी फाइल असेल तर तिचा उपयोग नाही. आताची निगेटिव्ह असेल, आणि गेल्या तीन महिन्यांत जोखीम किंवा संशयास्पद ताप नसेल, तर डॉक्टर सहसा औषध पुढे चालू ठेवत नाहीत. जोखीम असेल, सुईने नशा करण्याचा इतिहास असेल किंवा रुग्ण बेशुद्ध असून माहितीच मिळत नसेल, तर निगेटिव्ह रॅपिडवर विसंबू नये. रुग्ण बाधित असेल तरी सुईतून लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजार टोचण्यांत तीन. रक्ताने भरलेली पोकळ सुई आणि खोल जखम यांत ती जास्त.

औषध म्हणजे रोज एक गोळी : टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम, २८ दिवस, एकही न चुकवता. तुमची स्वतःची टेस्ट पहिल्याच दिवशी, मग सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सांगितल्यास सहा महिन्यांनी. पीईपीमुळे प्रतिपिंडे उशिरा उमटू शकतात, म्हणून केवळ रॅपिड करणार असाल तर तीन महिने गोळ्या संपल्या त्या दिवसापासून मोजा. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस झालेत का, तेही लगे हात पाहा. सुईच्या बाबतीत त्या विषाणूची भीती एचआयव्हीहून मोठी आहे.

आणि ऑपरेशनपूर्व टेस्ट निगेटिव्ह म्हणून एकच ग्लोव्ह घालायचा, ही प्रथा जिथे असेल तिथे बंद व्हावी. ती टेस्टही रुग्णाला माहिती देऊन, त्याच्या संमतीनेच करायची, २०१७ च्या कायद्यात ते स्पष्ट आहे.

प्रश्न : रक्तदान केलं की एचआयव्हीची टेस्ट फुकटात होते, नावही येत नाही. असं केलं तर काय बिघडलं? — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : फार बिघडते. रक्तपेढीत एचआयव्हीसाठी चांगल्या टेस्ट वापरतात, काही ठिकाणी न्यॅट म्हणजे आरएनएचीही, पण ती अजून सगळ्या रक्तपेढ्यांत होत नाही. आणि न्यॅटलाही पहिले काही दिवस काहीच दिसत नाही. त्या दिवसांत दिलेली तुमची एक पिशवी तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट अशी वेगळी होऊन तीन रुग्णांपर्यंत जाऊ शकते. रक्तातून लागण होण्याची शक्यता सुईसारखी हजारात तीन नाही, ती जवळपास निश्चित असते. जोखीम वाटत असेल तर फॉर्मवर खरे लिहा किंवा काही कारण सांगून शिबिरातून बाहेर पडा. मित्रांच्या दबावाखाली आधीच दिले असेल तर रक्तपेढीला फोन करून 'माझी पिशवी वापरू नका' सांगा, कारण देण्याची सक्ती नाही. टेस्ट आयसीटीसीतही फुकटच होते आणि माहिती गुप्त राहते.

प्रश्न : सून एआरटीवर आहे. बाळ दोन महिन्यांचं, खासगी दवाखान्यात त्याची रॅपिड पॉझिटिव्ह आली. — एक आजी, लातूर

उत्तर : आजी, या रिपोर्टवरून बाळाला लागण झाली असे म्हणता येत नाही. आईची आयजीजी प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात येतात आणि वर्ष-दीड वर्ष राहू शकतात. रॅपिडला ती आईची की बाळाची हे कळत नाही. १८ महिन्यांखालच्या बाळाला विषाणूचाच शोध घेणारी पीसीआर टेस्ट लागते. सहाव्या आठवड्यापासून ती आयसीटीसीत होते : टाचेला टोचून जाड फिल्टर कागदावरच्या गोलांत रक्ताचे थेंब घेतात, कागद सपाट ठेवून पूर्ण वाळवतात आणि लॅबला पाठवतात. बाळ सहा महिन्यांचे आणि वर्षाचे झाल्यावर ती पुन्हा करायची, १८ महिन्यांचे झाल्यावर तिन्ही रॅपिड. दूध चालू असेल तर ते बंद झाल्यावर परत एकदा. बाळाचे नेव्हिरापिनचे थेंब आणि सुनेच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका.

प्रश्न : गरोदर बाईची तिसऱ्या महिन्यात बोटाची टेस्ट निगेटिव्ह आली की पुन्हा करायची गरज असते का? — एक आशाताई, नंदुरबार

उत्तर : नवरा बाधित असेल, तो कामासाठी महिनोन् महिने बाहेर असेल, किंवा तिला गुप्तरोगाची लक्षणे असतील तर हो : तीन महिन्यांनी आणि बाळंतपणाच्या आधी पुन्हा. गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असताना नव्याने लागण झाली तर विषाणू खूप असतो आणि बाळाला जाण्याची शक्यता सर्वांत जास्त, तर पहिली रॅपिड मात्र फाइलमध्ये 'निगेटिव्ह' म्हणून बसलेली. गावात केलेली बोटाची टेस्ट रिअॅक्टिव्ह आली तर 'तुला एचआयव्ही आहे' असे सांगू नका, 'रक्त परत तपासायचे आहे' म्हणून आयसीटीसीत घेऊन जा.

प्रश्न : एका वैद्यांच्या औषधाने माझा एचआयव्ही 'नील' झाल्याचा रिपोर्ट आला. एआरटी बंद करू का? — एक वाचक, सांगली

उत्तर : करू नका. रिपोर्टवर काय लिहिले आहे ते पाहा. 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' असेल तर तो व्हायरल लोड आहे, आणि तो खाली आला तो तुमच्या एआरटीच्या गोळ्यांमुळे. प्रतिपिंडांची टेस्ट सहसा आयुष्यभर रिअॅक्टिव्हच राहते. लागण होताच अगदी सुरुवातीला उपचार सुरू झाले असतील तर काहींची प्रतिपिंडे पुरती तयारच होत नाहीत आणि रॅपिड निगेटिव्ह दिसते; त्याचा अर्थ विषाणू गेला असा नाही. गोळ्या बंद केल्या की बहुधा काही आठवड्यांत तो रक्तात परत येतो.

प्रश्न : इथे घरी करायचं किट आणि पोस्टाने पाठवायचं किट, दोन्ही मिळतात. फरक काय? — एक वाचक, लंडन

उत्तर : पहिले म्हणजे रॅपिडच, घरी बसून, जोखमीनंतर ९० दिवस मोजा. दुसऱ्यात तुम्ही बोटातून छोट्या नळीत रक्त भरून पाठवता आणि प्रयोगशाळा यंत्रावर चौथ्या पिढीची टेस्ट करते. तिथे ४५ दिवस धरतात. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर नमुना परत येतो, म्हणून हात आधी कोमट पाण्यात धरून घ्या आणि उभे राहून टोचा. हिरड्यांवरून फिरवायच्या काडीचे किट कुठे मिळाले, तर तोंडातल्या द्रवात प्रतिपिंडे रक्तापेक्षा कमी असतात हे ध्यानात ठेवून पूर्ण तीन महिने थांबूनच वापरा.